मुंगूस दिसेपर्यंत डबा बंद

सरळ सांगते. आमच्या गावात ज्याला त्याला वाघ हवा असतो. लॉजच्या पाटीवर वाघ, सलूनच्या काचेवर वाघ, खताच्या दुकानावर वाघ. लग्नपत्रिकेवर गणपतीच्या शेजारी बसलेला वाघसुद्धा मी पाहिलाय. मोहफुलं वेचायला गेलेल्या बाईला वाघाने नेलं म्हणून ज्या चौकात रस्ता अडवला जातो, त्याच चौकातल्या चहाच्या टपरीवर वाघ. आणि अशा या गावात वाघ काढायला साफ नकार देणारे एकच पेंटर होते.

"त्याले फोटोवाले पुष्कळ हायत," ते म्हणायचे. "जिपा भरभरून येतात त्याच्यासाठी. मी त्याचं चित्र नाई काढलं तं तो उपाशी नाई मरत."

त्यांचं नाव मी लिहीत नाही. गावात कोणी त्यांना नावाने हाक मारलेली मी ऐकलीच नाही. पेंटर, नाहीतर पेंटरभाऊ. ते मला 'पत्रकवाली' म्हणायचे, कारण आमचा चार-पाच पोरापोरींचा गट जंगलाविषयी पत्रकं काढतो आणि ती वाटायचं काम माझ्याकडे असतं. माझं प्रत्येक पत्रक ते शेवटपर्यंत वाचायचे, नीट घडी घालायचे आणि मला परत द्यायचे.

"का वो पत्रकवाली, तुह्या कागदात सगळे जनावरं मरूनच राह्यले. गिधाड मरून राह्यलं, खवल्या मरून राह्यला. एखांदं तरी जगून राह्यलं असं लिही ना. वाचनाऱ्याले वाटन, मेलेच हायत तं आता कायले वाचवाचे."

मी चिडायचे. अजूनही चिडते.

त्यांचं मोठं काम पडद्यांचं. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, मंडप पडतात आणि गावंच्या गावं नाटकाला लोटतात. प्रत्येक मंडळीला महाल, रस्ता आणि जंगल हे पडदे लागतातच. महाल आणि रस्ता पेंटरभाऊ उरकून टाकायचे. जंगलावर मात्र ठाण मांडून बसायचे. एका मंडळीच्या जंगलात त्यांनी सागाच्या फांदीवर शेकरू काढली होती. शेकरू म्हणजे मांजराएवढी मोठी खार. ती सिरोंचाकडच्या दाट रानात राहते, आमच्याकडच्या बहुतेकांनी कधी पाहिलेली नाही. तिची तांबूस शेपटी फांदीवरून खाली सोडलेली, आणि त्या शेपटीतला केस न् केस सुटा. हिरोचं काम करणारा नट तक्रार घेऊन आला.

"पेंटरभाऊ, त्या खारीची शेपटी थोडी कमी करा. मी तिकडं स्टेजवर मरून राह्यलो, आन पब्लिक शेपटीकडं पाह्यते."

"मंग शेपटीपेक्षा चांगला मर," पेंटरभाऊ म्हणाले.

दुकानांच्या पाट्यांचंही तसंच. मजकूर दुकानदाराने सांगायचा, कोपऱ्यातलं जनावर पेंटरभाऊंनी ठरवायचं. त्यात कोणाला विचारायची पद्धत नव्हती. दुपारभर दुकान बंद करून झोपणाऱ्या किराणावाल्याला उडती खार मिळाली, कारण तीही दिवसा ढोलीत झोपते. बायकोला माहेरीसुद्धा न सोडणाऱ्या बांगड्यावाल्याच्या शटरवर त्यांनी धनेश काढला. धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फटीतून तिला भरवतो. बांगड्यावाला खूश. एवढ्या मोठ्या चोचीचा पक्षी कोणाच्याच शटरवर नव्हता. मग कोणीतरी त्याच्या बायकोला त्या पक्ष्याची गोष्ट सांगितली. ती रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बराच वेळ शटरकडे बघत राहिली, आणि त्या वर्षी चांगली पोटभर माहेरी राहून आली.

आणि मुंगूस. सकाळी मुंगूस दिसल्याशिवाय पेंटरभाऊ रंगाचा डबा उघडत नसत. मुंगूस दिसणं चांगलं, एवढं आपल्याकडे सगळेच मानतात, पण त्यासाठी सगळे कामधंदा बंद ठेवत नाहीत. हे ठेवायचे. घरामागच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या बांधावर, उकिडवे बसायचे आणि गिऱ्हाइकं अंगणात ताटकळायची. "पेंटरले भेटलं का?" असं येणारा आत बसलेल्याला विचारायचा, आणि नाही म्हटलं की तोही खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, घोटत बसायचा. एकदा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पाटी दुपार झाली तरी कोरीच होती. पुढारी स्वतः आला, गाडी बाहेर चालू ठेवून. पेंटरभाऊंनी त्याला धुऱ्यावर जागा करून दिली.

"बसा. तुमच्या नशिबात असंल तं येईन."

दोघं बसले. नाही आलं.

त्या धुऱ्यावरचं प्रत्येक मुंगूस त्यांच्या ओळखीचं होतं. कोणतं लंगडतं, कोणत्या मादीला पिल्लं झाली, कोणतं सापाला बघून नुसतंच पळतं, हे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भानगडी सांगाव्यात तसं सांगायचे.

त्यांचे ब्रश एका बांबूच्या नळीत असायचे. नळीला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती, काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोलाही नाही. कीड लागू नये म्हणून आत डांबरगोळी. काम संपलं की आधी रॉकेल, मग साबणाचं पाणी, मग टोकाला खोबरेलाचं बोट. बारीक काम करताना ते ब्रशचं टोक ओठांत धरून जुळवायचे, आणि त्यासाठी त्यांनी खर्रा सोडला होता. आमच्या जिल्ह्यात खर्रा सोडलेला माणूस दाखवा मला.

"ब्रश तोंडात जाते," ते म्हणायचे. "तोंड साफ पाह्यजे. रंग हलका चालते, ब्रश हलका चालत नाई."

हे सगळं मी भूतकाळात लिहिते आहे म्हणून गैरसमज नको. पेंटरभाऊ आहेत. जेवतात, सायकल चालवतात, माझ्याशी बोलतातही. ब्रश नाहीत. ते का नाहीत, हे लिहायला मी बसले आहे.

बसस्टँडसमोर एक लांबलचक कंपाउंड भिंत आहे. कोचिंग क्लास आणि मूळव्याधीच्या औषधांच्या जाहिरातींनी ती भरलेली असायची. आमच्या गटाने मागणी लावून धरली की या भिंतीवर आपल्या भागातले दुर्मिळ प्राणी काढा, गावच्याच चित्रकाराच्या हातून काढा, आणि वाघ नको. वनखात्याच्या रेंजर साहेबांना वरून जनजागृती करा असा निरोप आलेला असावा, कारण ते चक्क हो म्हणाले. पेंटरभाऊंनी गिधाड काढलं, खवल्या मांजर काढलं, कोलामार्क्याच्या जंगलातली रानम्हैस काढली, शेकरू काढली. बसची वाट बघणारी माणसं बस सोडून भिंतीपाशी येऊ लागली. शेवटची जागा पेंटरभाऊंनी मुंगसासाठी ठेवली होती.

"मुंगूस दुर्मिळ नाही," मी म्हटलं. "आपल्या यादीत बसत नाही."

"माह्या यादीत बसते."

उद्घाटनासाठी त्यांच्यावर एक पत्रक काढायचं ठरलं. मी भिंतीपाशी स्टूल टाकून प्रश्न विचारत होते. ते मुंगसावर काम करत होते. मागच्या पायांवर उभं राहिलेलं मुंगूस, डोकं आणि छाती पूर्ण झालेली, करड्या केसांवर पांढुरके ठिपके, वारा आला तर हलतील असे. कोणाकडे शिकलात, पहिली पाटी कोणाची, असं विचारत विचारत मी ब्रश कशाचे आहेत तेही विचारलं.

"मुंगसाचे," त्यांनी ओठांतला ब्रश काढून सांगितलं आणि परत ओठांत धरला.

मी लिहून घेतलं. मग लिहिलेलं वाचलं. मग भिंतीकडे पाहिलं.

मुंगूस कायद्याने संरक्षित आहे. त्याच्या केसांचे ब्रश बनवणं गुन्हा, विकणं गुन्हा, जवळ बाळगणं गुन्हा. जी भिंत आम्ही भांडून मिळवली, जिच्यावर 'वन्यजीव वाचवा' लिहायचं होतं, ती सगळीच्या सगळी मेलेल्या मुंगसांच्या केसांनी रंगवली गेली होती. 

"पेंटरभाऊ, हे केस कसे मिळवतात माहीत आहे ना तुम्हाला?"

"कसे म्हंजे. पकडतात, भादरतात, सोडून देतात. मेंढीवानी."

"कोणी सांगितलं?"

"ब्रशवाल्यानं. येते ना तो वर्साचा गठुडं घेऊन. माह्या उस्तादाले भी त्याच्याच बापानं सांगतलं होतं. परत येतात म्हने केस, उन्हाळ्यात."

मला आधी वाटलं थट्टा करताहेत. मग त्यांचा चेहरा पाहिला. जो माणूस मुंगसाच्या नुसत्या शेपटीवरून नर की मादी सांगायचा, तो हे मानत होता. मी काहीही मऊ करून सांगितलं नाही. आम्हाला ती सवय नाही. मी सांगितलं, फासे लावतात, दांड्याने मारतात, कातडं सोलतात आणि मग केस काढून घेतात. एका मुंगसाचे कामाचे केस मूठभरही भरत नाहीत, म्हणून पुन्हा फासे लावतात. जिवंत कोणी सोडत नाही.

त्यांनी वाद घातला नाही. ब्रश हातातच होता. त्यांनी भिंतीवरच्या त्या अर्ध्या मुंगसाकडे पाहिलं.

"तरीच," ते म्हणाले.

"तरीच काय?"

"इतके वर्सं धुऱ्यावर बसून राह्यलो. लंगडं पाह्यलं, कान फाटलेलं पाह्यलं, शेपूट तुटलेलं पाह्यलं. भादरलेलं एकभी नाई पाह्यलं."

ऊन रणरणत होतं. ते उठले, बसस्टँडच्या बोरिंगवर गेले आणि चूळ भरू लागले. भरली, थुंकली, परत भरली. गडचिरोलीच्या बसला थांबलेली एक बाई त्यांच्यासाठी हापसत होती. तिला वाटलं म्हाताऱ्याला उन्हाने उलटी झाली. तिची बस लागली तरी यांचं तोंड धुणं चालूच होतं.

परत आल्यावर मी विचारलं, "खरंच वाटत होतं तुम्हाला, सोडून देतात असं?" त्या क्षणी हे विचारायला नको होतं, असं गटातले नंतर म्हणाले. मला उत्तर हवं होतं.

"वाटून घेतलं असंल," ते म्हणाले. "हात चांगला चालून राह्यला होता ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला बोलावलं. नळीचं काय करायचं ते सांग म्हणाले, तुझ्या कागदात लिहिलेलं असेल. मी सांगितलं, वनखात्यात जमा करायची. ते पांढरा शर्ट घालून, सायकलच्या हँडलला एक पिशवी अडकवून आले. आम्ही रेंजर साहेबांच्या खोलीत गेलो. साहेबांच्या खुर्चीमागे हरणाच्या पाडसाचं चित्र असलेली सुबक पाटी होती. ती पेंटरभाऊंच्याच हातची, याच ब्रशांनी काढलेली.

त्यांनी नळी टेबलावर ठेवली. "साहेब, हे मुंगसाचे हायत. जमा करून घ्या."

साहेब हसले. "अहो पेंटर, सगळेच वापरतात हे. घेऊन जा. भिंत तेवढी पूर्ण करा, मोठे साहेब यायचे आहेत."

"याच्यानं नाई करत."

"रीतसर नोंद करा," मी म्हटलं.

"करतो ना." साहेब माझ्याकडे वळले. "जप्ती दाखवतो. आणि गुन्हा कोणावर दाखवू, मॅडम? यांच्याच नळीत सापडले ना? सांगा, लिहायला घेऊ?"

 आमच्या एकाही पत्रकात याचं उत्तर नव्हतं. साहेबांनी नळी ड्रॉवरमध्ये टाकली आणि चहा सांगितला. एका ओळीची नोंद नाही.

बाहेर आल्यावर मी पेंटरभाऊंना पिशवीबद्दल विचारलं.

"लुंगी, टॉवेल आन बीपीच्या गोळ्या. मले वाटलं ठेवून घेतात." ते सायकलचं कुलूप काढत होते, किल्ली लागत नव्हती. "त्यानं चहा पाजला वो मले."

आमच्या गटाची बैठक झाली. त्यातही दोघांचं म्हणणं पडलं की आधी उद्घाटन होऊन जाऊ दे, मग बघू. म्हणजे जे साहेब बोलले तेच, फक्त चहाशिवाय. मी उठून आले.

काकूंनी तर मला दारातच अडवलं.

"तुले सांगाची काय गरज होती वो?"

"खरं होतं ते, काकू."

"खरं तं होतंच. मंग आता जंगलाचे पडदे तू रंगवशीन का? दोन मंडळ्या येऊन गेल्या दारात. हा मानूस नायलॉनचा ब्रश हातात धरते आन ठेवून देते." मग त्यांनी आवाज खाली आणला. "धुऱ्यावर जाते सकाळी, सवयीनं. मुंगूस आलं का मान खाली घालते. ते याच्याकडं पाह्यते आन हा आपल्या पायाकडं."

नायलॉनचे ब्रश मीच ब्रह्मपुरीहून आणून दिले होते. "हा रंग पीत नाई," पेंटरभाऊ म्हणाले, "नुसता वाहून नेते." मग त्यांनी शिंदीच्या काड्या तोडून आणल्या आणि टोकं दातांनी चावून चावून त्यांचे कुंचले केले. रेघ बोटाएवढी जाड यायची. केस काढायची बातच नको. आजही ते त्याच काड्यांनी काम करतात. बैलगाडी, झोपडी, डोंगर जमतात. जंगलाचे पडदे मंडळ्या आता बाहेरून फ्लेक्सवर छापून आणतात, आणि त्या जंगलात आफ्रिकेतला जिराफ असतो.

उद्घाटनाच्या आधी त्यांनी भिंतीच्या शेवटच्या तुकड्यावर नाटकाचा एक जुना पडदा टांगला आणि त्याच्यामागे बसून काम केलं. मलाही आत येऊ दिलं नाही.

वनखात्याचे मोठे साहेब जिल्ह्याहून आले. शाळेची पोरं रांगेत उभी होती. साहेब भिंतीच्या कडेकडेने चालत आले. गिधाडापाशी थांबले, खवल्यापाशी थांबले. शेकरूपाशी आल्यावर त्यांनी तिच्या शेपटीवरून बोट फिरवलं, केस खरे आहेत का बघतात तसं, आणि रेंजर साहेबांकडे वळून मान डोलावली. रेंजर साहेब फुलले. मग पडदा ओढला.

मुंगूस मागच्या पायांवर उभं होतं. आधी रंगवलेले करडे केसही त्यांनी पुसून टाकले होते, अंगावर एक केस नव्हता. गुलाबी-राखाडी, सुरकुतलेली उघडी कातडी, मोजता येतील अशा फासळ्या, सुतळीसारखी शेपटी. जाड, ओबडधोबड रेघा. आणि समोर उभ्या असलेल्या माणसाकडे ते थेट बघत होतं. टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. मीही बघत राहिले. एवढे दिवस मी त्या माणसाशी बोलत होते आणि मला याची कल्पना नव्हती.

"कुत्र्याचं पिल्लू व्हय का जी?" मागून एका बाईने विचारलं.

"हा कोणता प्राणी?" मोठे साहेब म्हणाले.

"मुंगूस, साहेब," पेंटरभाऊ म्हणाले.

"मग याचे केस कुठे गेले?"

"त्या शेकरूच्या शेपटीत हायत. तुमी आत्ता हात लावला ना, तेच. गिधाडाच्या मानेवर हायत. रेंजर साहेबाच्या हापिसातल्या पाडसाच्या अंगावर हायत."

मोठ्या साहेबांनी बोट रुमालाला पुसलं. रेंजर साहेब पेंटरभाऊंच्या कानाशी आले, पण आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"पेंटर, तमाशा बंद करा. आत्ताच्या आत्ता केस रंगवा त्याच्यावर."

"कायनं रंगवू, साहेब?"

रेंजर साहेबांनी ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हर जीपकडे पळाला आणि साहेबांनी ड्रॉवरमधून काढून बरोबर आणलेली ती बांबूची नळी घेऊन आला. मी हे डोळ्यांनी पाहिलं नसतं तर कोणी सांगितलेलं मानलं नसतं. वन्यजीव वाचवण्याचा पगार घेणाऱ्या माणसाने, वन्यजीव वाचवा म्हणणाऱ्या भिंतीसमोर, शाळेच्या पोरांसमोर, मुंगसाच्या केसांचे ब्रश पेंटरभाऊंच्या हातात दिले, मुंगसाचे केस रंगवायला.

पेंटरभाऊंनी नळी घेतली. झाकण काढून आत पाहिलं. अंगठ्याने एका ब्रशचं टोक जुळवलं, आणि मला वाटलं, आता हे रंगवणार. हात तसाच थांबला होता, कामाला लागायच्या आधी थांबायचा तसा. मग त्यांनी झाकण लावलं, वाकले आणि नळी भिंतीच्या पायाशी, मुंगसाच्या पुढ्यात ठेवली.

"ज्याचे हायत त्याच्याजवळ ठेवले," ते म्हणाले आणि सायकल घेऊन निघाले.

रेंजर साहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. नळी उचलायला कोणीही वाकलं नाही. मीही नाही.